अवजारांच्या कोठाराची किल्ली

फार जुन्या काळी, जेवायची वेळ झाली की नाही हे माणसं आपल्या सावलीकडे बघून ठरवत असत त्या काळी, एका उघड्या माळावर एक गाव होतं. गावातली माणसं प्रभू येशूला मानणारी होती. कष्टाळू होती, देवभोळी होती, आणि भांडायला बसली तर कुणाला ऐकणारी नव्हती.

गावाला दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. मधल्या टेकाडावर दगडी उपासनामंदिर होतं. वरच्या आळीत जुनी विहीर होती, खालच्या आळीत नव्हती. पाऊस वेळेवर येत होता तोवर ही गोष्ट कुणाला टोचली नाही. मग एकामागून एक दुष्काळ पडले. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि वरच्या आळीने विहिरीभोवती जाड खांबांचं काटेरी कुंपण घातलं. खालच्या आळीतल्या बायका कोरड्या ओढ्यात खड्डे करून वाटीवाटीने पाणी भरू लागल्या. आसपासच्या मुलखातही सगळी बोंबच होती. राजे एकमेकांशी लढत होते, रस्त्यांवर लुटारू होते, आणि येणारा प्रत्येक वाटसरू भाकरी खायच्या आधी एखादी वाईट बातमी सांगून घेई.

त्या गावाच्या दोन रीती आधी सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

पहिली रीत उसन्या अवजाराची. कुणाची कुदळ किंवा फावडं मागून आणलं तर काम झाल्यावर ते धुवायचं आणि दांडा पुढे करून मालकाच्या हातात द्यायचं. ओसरीवर टाकून यायचं नाही. आणि ते आपल्या घरी आहे तोवर मालकाविषयी वाकडा शब्द काढायचा नाही. त्यामुळे त्या गावात उसनं मागायला माणसं जरा कचरतच, कारण वाकडं बोलल्याशिवाय एक दिवस काढणं पुष्कळांना जड जाई. कुंपण घातल्यापासून तर एका आळीने दुसरीकडे काही मागितलंच नव्हतं.

दुसरी रीत जास्त कडक होती. शुभ शुक्रवारी दुपारी गावातलं सगळं लोखंड, म्हणजे कुदळी, पहारी, फावडी, कुऱ्हाडी, मंदिरामागच्या कोठारात ठेवायचं आणि कुलूप लावायचं. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टर रविवारच्या पहाटे घंटा वाजली की मगच बाहेर काढायचं. प्रभू जमिनीच्या पोटात निजलेला असताना जमिनीला लोखंड लावायचं नाही, असं म्हातारी माणसं लेकरांना सांगत. खरं कारण सांगताना मात्र त्यांची जीभ अडखळे.

खरं कारण हन्नाबाईला ठाऊक होतं. ती तरुण असताना एका शुभ शुक्रवारी बांधावरून दोन्ही आळ्यांत मारामारी झाली. खालच्या आळीतल्या एकाने कुदळ उगारली आणि हन्नाबाईचा नवरा जागच्या जागी पडला. प्रभूला क्रुसावर दिलं त्याच दिवशी आपण आपल्याच माणसाचं रक्त सांडलं, म्हणून सगळं गाव शरमेने खाली बघू लागलं. तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, ही रीत घालून दिली, आणि जिचं सगळ्यांत जास्त गेलं होतं तिच्या हाती कोठाराची किल्ली दिली.

हन्नाबाई आता म्हातारी झाली होती. किल्ली तिच्या कमरेला असे. आपल्यासारखं कपाळ दुसऱ्या बाईच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी ती ती किल्ली सांभाळत होती.

त्या वर्षी शुभ शुक्रवारी माणसं अवजारं घेऊन आली ती एकमेकांकडे न बघता. वरच्या आळीचा कारभारी म्हणजे हन्नाबाईचा धाकटा दीर. त्याने फावडं ठेवलं तेही आपटून. खालच्या आळीतली तरुण मुलं कोपऱ्यात कुजबुजत होती. रविवारी अवजारं हातात आली की आधी कुंपण पाडायचं आणि आडवा येईल त्याला बघून घ्यायचं, असं त्यांचं ठरलं होतं. हे वरच्या आळीला कळलं होतं, आणि वरच्या आळीनेही आपलं काही ठरवून ठेवलं होतं. हन्नाबाईने कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं. रविवार उजाडूच नये, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं. ज्या पहाटेची वर्षभर वाट पाहायची तिचीच भीती वाटावी, याचं तिला फार वाईट वाटलं.

आणखी एक गोष्ट तिला खुपत होती. कोठारात प्रत्येकाची जागा ठरलेली होती, आणि भिंतीकडची एक जागा रिकामी होती. ती शांतवनच्या पहारीची जागा होती.

शांतवन खालच्या आळीतला तरणा मुलगा. ज्याच्या कुदळीने हन्नाबाईचं कपाळ पांढरं झालं, त्याचाच हा मुलगा. बाप त्या मारामारीनंतर वर्षानुवर्षं खंगत राहिला आणि शांतवन लहान असताना गेला. त्याची विधवा राहेल आणि हन्नाबाई एकाच मंदिरात प्रार्थनेला बसत, पण इतक्या वर्षांत दोघींचं एकमेकींशी बोलणं नव्हतं.

शनिवारी सकाळी खालच्या आळीकडून ओरडा ऐकू आला. आळीमागच्या खोलगट जागेत शांतवन गुपचूप विहीर खणत होता. माती ओलसर लागायला लागली होती, पाणी हातभर अंतरावर आहे असं त्याला वाटत होतं, आणि दोन दिवस थांबणं त्याच्याने होईना. म्हणून पहार मागे ठेवून घेऊन तो पहाटेच विहिरीत उतरला. राहेल भाकरी घेऊन गेली तेव्हा विहिरीच्या जागी मातीचा ढिगारा होता. बाजूची दरड कोसळली होती.

सगळं गाव तिथे जमलं. जमलं तेही दोन बाजूंना, मध्ये वाट सोडून.

कारभारी म्हणाला की देवाचा नियम मोडला त्याचं हे फळ आहे, आता ढिगाऱ्यावर क्रूस लावा आणि प्रार्थना म्हणा. खालच्या आळीतली पोरं हातांनी माती उपसू लागली. पण वरून लहानसहान दगड सुटत होते, आणि मोठ्या दगडांपुढे नुसत्या हातांचं काही चालेना. राहेल ढिगाऱ्याजवळ बसली होती. ती रडतही नव्हती.

हन्नाबाई पुढे गेली. तिला का जावंसं वाटलं हे तिलाही सांगता आलं नसतं. ती गुडघे टेकून बसली आणि तिने जमिनीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग खोलवरून आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा, टक्. लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज होता.

पोरगा जिवंत होता.

तिने हे सांगताच खालच्या आळीतले तरुण कोठाराकडे धावले. वरच्या आळीतले त्यांच्याआधी पोचले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. कारभाऱ्याचं म्हणणं असं, की आवाज वगैरे काही नाही, माती खाली बसतेय तिचा आवाज आहे. हे अवजारं हातात घेण्याचं निमित्त आहे. दार उघडलं की पहिला घाव विहिरीवर पडणार नाही, आमच्या डोक्यात पडेल. खालच्या आळीतल्यांनी वाटेतल्या काठ्या आणि धोंडे उचलले. वरच्यांनीही उचलले. आता कुणी नुसतं खाकरलं असतं तरी मुडदे पडले असते.

"वहिनी, किल्ली सांभाळा," कारभारी म्हणाला. "दादाची आठवण ठेवा."

हन्नाबाई दोन्ही आळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. किल्ली तिने मुठीत आवळून धरली होती. कारभारी भीतीपोटी बोलत होता, पण त्याची भीती खोटी नव्हती. दार उघडलं तर पाच-दहा बायका विधवा होतील. नाही उघडलं तर जमिनीखाली एक पोरगा गुदमरून मरेल. ज्या किल्लीने आजवर माणसं वाचवली तीच आज माणूस मारत होती.

तेवढ्यात राहेल गर्दीतून वाट काढत आली आणि तिच्यापुढे उभी राहिली. दोघी इतक्या जवळ कधीच आल्या नव्हत्या.

"हन्ना," राहेल म्हणाली, "तुझं माणूस गेलं तव्हा मी तुझ्या दारात आले न्हाई. यायला पायजे हुतं. आता माझं लेकरू आत हाय, अन् मला दुसऱ्या कुणाचं दार ठावं न्हाई."

ते ऐकून हन्नाबाईच्या मनात काय आलं ते खरं खरं सांगतो. तिच्या मनात आलं, आता कळलं ना कसं वाटतं ते. हा विचार आला आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. ती वळली आणि मंदिरात गेली.

आत क्रुसावर काळं कापड होतं. मेणबत्त्या विझलेल्या होत्या. ईस्टरच्या आदल्या शनिवारी मंदिर असंच असे, घरातलं माणूस गेल्यावर घर असतं तसं. हन्नाबाई बाकावर बसली. प्रार्थना म्हणायला गेली तर एक शब्द आठवेना. आठवल्या त्या पहिल्या ईस्टरच्या बाया. पहाटेच्या अंधारात सुगंधी तेल घेऊन प्रभूच्या कबरीकडे निघालेल्या. बाहेर शिपायांचा पहारा आहे, मुलूख भेदरलेला आहे, पुरुष दारं लावून आत बसले आहेत. वाटेत त्या एकमेकींना विचारतात की दारावरचा एवढा मोठा धोंडा आपल्यासाठी कोण सरकवील. उत्तर एकीलाही ठाऊक नाही. लहानपणापासून हन्नाबाईने ही कथा ऐकली होती, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आज आली. उत्तर ठाऊक नव्हतं तरी त्यांच्यातली एकही मागे फिरली नाही, आणि पोचल्या तेव्हा धोंडा सरकलेला होता.

ती उठली. कोठाराच्या दाराला टेकलेल्यांना तिने बाजूला केलं, एकटी मावेल इतकंच दार उघडलं, आत गेली, आणि पुन्हा बाहेर येऊन कुलूप लावलं. तिच्या हातात एकच कुदळ होती. गंज चढलेली, दांड्याला जाळी लागलेली. तिच्या नवऱ्याला लागलेली हीच ती कुदळ. इतकी वर्षं कोठाराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पडलेली होती, आणि ती मागायला कुणीही आलं नव्हतं.

कारभाऱ्याने कुदळ ओळखली आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, घंटा झालेली नाही," तो कसाबसा म्हणाला. "जमिनीत प्रभू आहे."

"प्रभूला आपण जमिनीत धरून ठेवलंय का, भावजी?" हन्नाबाई म्हणाली. "मला वाटतं तो त्या पोराजवळ बसलाय. आणि वर आपण काठ्या घेऊन उभे आहोत."

ती चालू लागली. म्हातारी बाई, पाठ वाकलेली, खांद्यावर ती कुदळ. दोन्ही आळ्या तिच्या मागोमाग गेल्या, काठ्या हातात तशाच ठेवून. ढिगाऱ्याच्या कडेला ती उतरली आणि तिने कुदळ मारली. घाव तो काय, एखाद्या लेकराने मारावा तसा. तिने पुन्हा मारली. मग कुदळ बाजूला घेऊन ती थांबली.

खालून उत्तर आलं. टक्.

या वेळी ते सगळ्यांनी ऐकलं. हन्नाबाई तिसऱ्यांदा कुदळ उचलायला गेली, पण तिचा हात उठेना. तेव्हा कारभारी पुढे आला. त्याने हातातला धोंडा खाली टाकला. कुदळीकडे हात केला, आणि मध्येच थांबला, कारण ती हन्नाबाईची नव्हती. मागायचीच तर ज्या घरची आहे तिथे मागावी लागणार होती. ज्या कुदळीने त्याचा भाऊ गेला तीच. तो राहेलकडे वळला.

"राहेलबाई," तो म्हणाला, "एवढी कुदळ उसनी द्याल का?"

राहेलने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांना आता कुठे पाणी आलं.

"धुऊन परत आणा," ती म्हणाली.

मग हन्नाबाईने कमरेची किल्ली काढून पुढे केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कोठार उघडा, पण आपलं अवजार कुणी उचलायचं नाही. वरच्यांनी खालच्यांकडे मागायचं, खालच्यांनी वरच्यांकडे. कुणाकडे मागायला जीभ रेटत नसेल त्याने हातांनी माती उपसावी. माणसं आधी जागची हलेनात. मग खालच्या आळीतला एक दांडगा गडी वरच्या आळीतल्या आपल्या जुन्या वैऱ्यापुढे गेला आणि मान खाली घालून त्याने फावडं मागितलं. वैरी नुसताच हो म्हणाला. त्यानंतर मात्र मागणाऱ्यांची रीघ लागली. ज्यांनी एकमेकांची डोकी फोडायची ठरवलं होतं ते आता एकमेकांची अवजारं खांद्यावर घेऊन पळत होते, आणि रीतीप्रमाणे कुणाला कुणाविषयी वाकडं बोलता येत नव्हतं.

काम सोपं नव्हतं. दरड पुन्हा सुटू लागली. टेकू दिल्याशिवाय खाली उतरणं म्हणजे दुसरा माणूस गाडणं. लाकूड आणायचं कुठून, असं कुणीतरी विचारलं. कारभाऱ्याने घाम पुसला आणि आपल्या मुलांना सांगितलं की विहिरीभोवतीच्या कुंपणाचे खांब उपटून आणा. ज्या खांबांवरून एवढं रामायण झालं होतं ते सगळे त्या खड्ड्यात आडवे-उभे बसले, आणि दरड थांबली.

ऊन उतरलं. माती वर येत होती, खालची टक् टक् मधूनमधून ऐकू येत होती. मग एक पाटी वर आली ती जड आली. माती ओली होती. त्यानंतरची पाटी तर गळतच होती. पाणी लागलं होतं. वर्षानुवर्षं ज्या पाण्यासाठी गावाने देवाकडे तोंड वेंगाडलं ते पाणी आलं होतं, आणि पहिल्यांदाच त्या गावाला पाण्याची धडकी भरली. कारण पाणी भरत होतं ते शांतवनच्या पोकळीत.

मशाली पेटल्या. कुणी घरी गेलं नाही. टक् टक् मंद होत गेली, मग लांब लांब अंतराने येऊ लागली, आणि मग थांबली. खड्ड्यातले हात ढिले पडले. कुणीतरी हलकेच म्हणालं की आता बस करा, आता प्रार्थना म्हणा. हन्नाबाई काठावर राहेलचा हात धरून बसली होती. तिला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. पोरगा जिवंत असेल असं तिचं मनही सांगत नव्हतं. तरी ती म्हणाली, "आपण धोंड्यापर्यंत जायचं. पुढचं प्रभू बघेल." आणि खणणं पुन्हा सुरू झालं.

इकडे पहाटेच्या उपासनेसाठी पाळक शेजारच्या गावाहून चालत येत होते. टेकाडावर पोचले तर मंदिरात एकही माणूस नाही. क्रुसावरचं काळं कापड वाऱ्याने खाली पडलेलं. मागे गेले तर कोठाराचं दार सताड उघडं, आत एकही अवजार नाही, कुलूप जमिनीवर. लुटारू येऊन गेले असंच त्यांना वाटलं. तेवढ्यात खालच्या अंगाला त्यांना मशाली दिसल्या. ते धापा टाकत तिकडे निघाले.

ते काठावर पोचले त्या वेळी कारभारी खड्ड्याच्या तळाशी कमरेइतक्या पाण्यात उभा होता. त्याच्यापुढे एक मोठा धोंडा होता. वरच्या आणि खालच्या आळीतल्या गड्यांनी मिळून त्याच्याखाली पहारी घातल्या आणि जोर केला. धोंडा हलला, कलंडला, आणि आतलं पाणी भसकन बाहेर आलं. मागच्या अरुंद कपारीत शांतवन अडकून उभा होता, हनुवटीपर्यंत भिजलेला. पहार हातातून केव्हाच गळून पडली होती. डोळे मिटलेले होते. कारभाऱ्याने त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवर थाप मारली, आणि पोरगा खोकला.

पूर्वेला तेव्हा उजाडत होतं. राहेलने चिखलाने माखलेला मुलगा पोटाशी धरला. एकही माणूस आनंदाने ओरडला नाही. सगळे रडत होते. पाळकांनी विचारलं, घंटा कुणी वाजवली का. कुणीच वाजवली नव्हती. मग हन्नाबाई मातीने भरलेल्या पायांनी टेकाड चढली आणि दोर ओढला. त्या ईस्टरची घंटा उशिरा झाली खरी, पण तिची वाट बघत कुणी थांबलं नव्हतं.

त्या दिवशी उपासना झाल्यावर सगळ्या गावाने अवजारं धुतली, नव्या विहिरीच्या पाण्याने. वरची आळी खालच्या दारात गेली, खालची वरच्या दारात, दांडे पुढे करून. मालकाच्या घरी घास खाल्ल्याशिवाय त्या दिवशी कुणी परतलं नाही. कारभाऱ्याने ती जुनी कुदळ घासूनपुसून राहेलच्या हातात ठेवली. राहेलने ती नेऊन हन्नाबाईच्या दारात उभी केली आणि म्हणाली की आता ही दोघींची. पुढे त्या कुदळीने दोघींनी मिळून अंगणात भाजी लावली. कुंपणाचे खांब नव्या विहिरीतच राहिले, आणि जुन्या विहिरीला पुन्हा कुंपण घालायची कुणाला आठवण झाली नाही.

मुलखातल्या लढाया काही लगेच थांबल्या नाहीत. वाटसरू वाईट बातम्या आणतच राहिले. गाव त्यांना आधी पाणी देई, मग बातमी ऐके. अवजारं ठेवायची रीतही चालू राहिली, पण कोठाराला पुन्हा कुलूप लागलं नाही, आणि किल्ली हन्नाबाईने नव्या विहिरीत टाकली.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: धोंडा कोण सरकवील हे ठाऊक नसतानाही जो कबरीच्या वाटेला लागतो, त्यालाच पुनरुत्थानाची पहाट भेटते.